यंत्राचा गाभा कोणाच्या हाती?



कामगारांच्या सभांत आयुष्य गेलेल्या माणसाने संगणकाचा विषय का घ्यावा, असे काहींच्या मनात आले असेल. यंत्र उघडून पाहण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आमच्याच धंद्यातला आहे, म्हणून घेतला.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी उभी केली. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. त्याचा मूळ मजकूर विद्यापीठांना अल्प शुल्कात मिळे. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ साली त्यावर भाष्य लिहिले. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने तो मजकूर वर्गात शिकवण्यास बंदी केली! विद्यार्थ्यांनी भाष्याच्या झेरॉक्स प्रती काढून हातोहात फिरवल्या. बंदी घातलेली पत्रके कशी फिरतात, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

बर्कले विद्यापीठात याच झाडाची एक फांदी वाढली. तिच्यातून १९९३ साली फ्रीबीएसडी निघाली. तिचा मजकूर सर्वांना मोकळा. तिच्याबरोबर 'जेनेरिक' नावाची एक यादी येते. कोणाच्या घरी कोणते यंत्र असेल ते ठाऊक नाही, म्हणून तीत नाना तऱ्हेच्या उपकरणांची नावे भरलेली. आपण तिची नक्कल करावी, नवे नाव द्यावे, आणि आपल्या यंत्रात जे नाही त्या ओळीपुढे एक जाळीची खूण घालावी. ती ओळ गप्प बसते. मी जन्मभर कामगारकपातीविरुद्ध उभा राहिलो. ही एकच कपात अशी, की जी मी आनंदाने करतो. थोड्या स्मृतीच्या जुन्या यंत्राला तेवढीच जागा मोकळी होते. मात्र ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिला हात लावू नये. मग त्या यादीवरून कर्नेल नव्याने बांधायचा.

आता उपकरणांच्या फायली. या 'डेव्ह' नावाच्या कप्प्यात असतात आणि त्यांच्या पोटात काहीच नसते. इतर फायलींचा आकार जिथे दिसतो तिथे यांचे दोन आकडे दिसतात. लिनक्समध्ये पहिल्या डिस्कचे आकडे ८ आणि ०, तिच्या पहिल्या भागाचे ८ आणि १. पहिला आकडा कर्नेलमधला कोणता चालक ते सांगतो, दुसरा त्याच्या हाताखालचे कितवे उपकरण ते. गिरणीतला बिल्ला म्हणा ना! बिल्ला हरवला म्हणून कामगार मरत नाही, आणि नुसता बिल्ला खिळ्याला टांगून साचा चालत नाही. यादीतून चालक काढला आणि फाईल तशीच राहिली, तर ती उघडताना यंत्र साफ नकार देते. हे बिल्ले पूर्वी 'मेकडेव्ह' नावाच्या आज्ञावलीने पाडावे लागत. २००३ च्या फ्रीबीएसडी ५.० पासून कर्नेल ते आपणहून मांडतो.

नवा कर्नेल बसवताना जुना 'कर्नेल.ओल्ड' या नावाने बाजूला राहतो. नवा चालला नाही तर त्यावरून यंत्र सुरू करता येते. पण दुरुस्ती करून पुन्हा बसवलात, की आधीचा बिघडलेलाच त्या जागी जाऊन बसतो आणि चांगला पुसला जातो. म्हणून चालत्या कर्नेलची एक प्रत निराळ्या नावाने ठेवा, आणि ते नाव कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवा. अडल्या वेळी ते हाताने टाइप करावे लागू शकते.