ब्रेकचे काम केल्यावर लाल दिवा लागून राहिला तर?



आज मी पिकाविषयी बोलणार नाही, तर पीक बाजारात नेणाऱ्या गाडीविषयी बोलणार आहे. १९९६ साली मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशीला आला. जुन्नर, ओतूर, आळेफाटा या भागातला बराच माल माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे या वाटेने रात्रीतून तिथे पोचतो. आता पुष्कळांच्या दारात स्वतःची पिकअप आहे. टोमॅटोचे क्रेट भरून गाडी घाट उतरू लागली, की तुमचा माल आणि माणसे दोन्ही ब्रेकच्या भरवशावर असतात.

म्हणून हंगामाच्या तोंडावर आपण ब्रेकचे काम करून घेतो. नवे पॅड, नवे लायनर बसतात. आणि नेमका त्यानंतरच डॅशबोर्डवरचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह असलेला, लागून राहतो. कोणी म्हणते, "चालेल हो, वायरीचा घोळ असेल." बाजार गाठायची घाई असते, आपणही निघतो. मंडळी, असे करू नका. पिकाची खालची पाने पिवळी पडली म्हणून युरिया टाकला, आणि मुळाशी पाणी तुंबलेले असले, तर काय उपयोग? दिवा ही खूण आहे. तिचे कारण शोधावे.

तपासणी सपाट जागी, चाकाला दगड लावून, पुढील क्रमाने करावी.

पहिली गोष्ट, हँडब्रेक. तो पूर्ण खाली सोडला आहे ना ते पाहा. लायनर बदलताना केबल ताणली गेली, तर दांडा खाली असूनही पुरता सुटत नाही. दांड्याखालचे बारीक बटण सरकले, तरीही दिवा लागतो. दांडा हाताने खाली दाबून धरल्यावर दिवा विझला, तर दोष तिथेच आहे.

दुसरी गोष्ट, ब्रेक ऑइल. बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरच्या दोन खुणा पाहा. इथे एक मर्म समजून घ्या. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल जाते, म्हणून डबीतली पातळी हळूहळू उतरते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात, तेव्हा पातळी पुन्हा वर यायला हवी. म्हणजे काम झाल्यावरही ऑइल खालच्या खुणेच्या आसपास असेल, तर दोनच शक्यता राहतात. एअर काढताना गेलेले ऑइल पुन्हा भरले नाही, किंवा ते कुठून तरी गळते आहे. पातळी काठावर असली, की चढावर, वळणावर दिवा लुकलुकतो.

तिसरी गोष्ट, गळती. नुसते ऑइल ओतून निघू नका. चारी चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी पाइपांच्या जोडांवर आणि एअर काढायच्या निपलवर ओल दिसते का ते पाहा. ओल दिसली, तर गाडी जागची हलवू नये. मिस्त्रीला बोलावून घ्यावे.

चौथी गोष्ट, वायरी. काही गाड्यांत डबीच्या झाकणाला वायर असते, ती काम करताना काढतात आणि लावायची राहते. काही गाड्यांत पॅडलाही झीज दाखवणारी वायर असते. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. पुष्कळ पिकअपनाही ते असते. त्याची वायर चाकाजवळून जाते. ती ओढली गेली, तर एबीएसचा पिवळा दिवा लागतो. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले, तर माल भरू नये.

आता पेडल. नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल सावकाश चार-सहा वेळा दाबावे, म्हणजे पिस्टन पॅडला भिडतो. मग पाय दाबून धरा. पेडल घट्ट राहिले तर ठीक. स्पंजासारखे लागले, तर आत हवा आहे. हळूहळू खाली जात राहिले, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. आत हवा असली तरी दिवा लागेलच असे नाही. म्हणून दिवा विझला एवढ्यावर समाधान मानू नये. आणि चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभरही पेटत नसेल, तर तो दिवाच गेला आहे असे समजावे.

ऑइलविषयी दोन शब्द. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच घालावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने आतली रबरे फुगतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात ब्रेक तापले, की असे ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नये, आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

वाटेतच दिवा लागला तर? घाबरू नका. खालचा गिअर टाका, गाडी कडेला घ्या. चालती गाडी बंद करू नका. इंजिन बंद झाले की पेडल जड होते. पेडल खालीच गेले, तर ते भराभर दाबत राहा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. दिवा माळशेजच्या माथ्यावर लागला, तर घाट उतरूच नका. महापेजवळ लागला, तर बाजार जवळ आला म्हणून तशीच दामटू नका; पहाटे त्या रस्त्याला अवजड गाड्यांची रांग असते. दुसरी गाडी बोलावून माल पुढे पाठवा. भाड्याचे चार पैसे जातील, एखाद दिवशी भावही हुकेल. पण तो पुढच्या तोडणीला भरून काढता येतो.

तेव्हा काम झाल्यावर मिस्त्रीसमोरच हँडब्रेक, ऑइल, गळती, वायरी आणि पेडल पाहून घ्या. रिकाम्या गाडीने गावातच एक फेरी मारा, आणि मगच माल भरा.