पाण्याचा सामू : कुठे उतरवावा, कुठे उतरवू नये



आपला तुळजापूर तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला, अवर्षणप्रवण. इथे बादलीबादलीचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून हाती आलेले पाणी पिकाला मानवते की नाही, हे तपासून घेणे आपल्याच फायद्याचे आहे.

रोपवाटिकेत किंवा परसातल्या कुंडीत कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, हे आपण सर्वांनी पाहिले असेल. यालाच आपण केवडा म्हणतो. मग युरिया दिला जातो, हिराकस दिले जाते, तरी पाने हिरवी होत नाहीत. पैसा जातो आणि लागवडीचे दिवसही जातात. अशा वेळी दोष पुष्कळदा खतात नसतो, पाण्यात असतो.

सामू म्हणजेच पी.एच. सामू ७ असलेले पाणी उदासीन. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. हे माप दहापटीचे आहे. सामू ८ चे पाणी ७ पेक्षा दहापट विम्ल असते. बहुतेक रोपांच्या मुळांभोवती सामू ५.५ ते ६.५ असला म्हणजे लोह, जस्त, मंगल ही सूक्ष्मद्रव्ये विरघळलेली राहतात. सामू वाढला की लोह गंजासारखे साका होऊन बसते. विहिरीच्या पाण्यात हिराकस टाकल्यावर पाणी थोड्या वेळात तांबूस होते, ते याचमुळे. लोह पाण्यात असते, पण मुळांना मिळत नाही.

आपला खडक काळा पाषाण आणि जमीन चुनखडीयुक्त. त्यातून झिरपलेले विहिरीचे, बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येते. असे पाणी घरबसल्या ओळखता येते. बंबात पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. ठिबकच्या तोट्या पांढऱ्या भुकटीने चोंदतात, तीही याच कुळातली. नळाचे पाणीही बोअरचेच असेल, तर तेही असेच. ते रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन बरेच उडून जाते, पण सामू उतरत नाही.

आता मुख्य मुद्दा. नुसता सामू मोजून काम भागत नाही. सामू म्हणजे थर्मामीटरवरचा ताप. आजार किती खोल आहे ते बायकार्बोनेट सांगते. दोन विहिरींचा सामू ८ च असेल, पण एकीला थोडे आम्ल पुरेल आणि दुसरीला त्याच्या पाचपट लागेल. म्हणून शेजाऱ्याचे प्रमाण आपल्या पाण्याला लावू नका. आपले प्रमाण आपणच काढा. रीत सोपी आहे.

१) १० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण करा.
२) प्लॅस्टिकच्या बादलीत आपले पाणी बरोबर १० लिटर घ्या.
३) द्रावण २० मि.लि. घाला, ढवळा, सामू दाखविणाऱ्या कागदाने सामू पाहा. सामू ६ ते ६.५ येईपर्यंत असेच चालू ठेवा.
४) अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. पाण्यातला वायू उडून गेल्यावर सामू थोडा वर चढतो.

बादलीला जितके मि.लि. द्रावण लागले, तितके ग्रॅम लिंबूसत्व १००० लिटरला लागेल. समजा ३०० मि.लि. लागले, तर १००० लिटरला ३०० ग्रॅम आणि २०० लिटरच्या पिंपाला ६० ग्रॅम. पाणी टँकरचे असेल तर टँकर बदलला की चाचणी पुन्हा करा.

लिंबूसत्वाचा गुण फार दिवस टिकत नाही. मातीतले जीवाणू ते खाऊन टाकतात. मोठ्या रोपवाटिकेत गंधकाम्ल स्वस्त पडते, पण ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच, हातमोजे व चष्मा घालून वापरा. नेहमी पाण्यात आम्ल सोडावे; आम्लात पाणी कधीही ओतू नये. क्लोरीनच्या पावडरीशी आम्ल मिसळू नये, विषारी वायू होतो. फॉस्फोरिक आम्ल जड पाण्याला फार लागते आणि जादा स्फुरदामुळे लोह व जस्त अडते, हेही लक्षात ठेवा.

फवारणीच्या पाण्यालाही हीच चाचणी लावा. काही औषधे विम्ल पाण्यात फुकट जातात. कॅप्टन हे बुरशीनाशक सामू ५ ला दिवसभर टिकते, सामू ८ ला काही मिनिटांतच निम्मे होते. बागाईतदारांनी पाणी आधी सुधारावे, औषध मागून टाकावे. मात्र बोर्डो मिश्रणात व इतर ताम्रयुक्त औषधांत आम्ल मिसळू नका. तांबे मोकळे होऊन पाने करपतात. औषधाच्या डब्यावरील सूचना आधी वाचा.

आता कुठे उतरवू नये ते सांगतो. काही जण सबंध शेताला आम्लाचे पाणी देऊन जमीन सुधारू पाहतात. हिशेब करा. एक हेक्टरच्या वरच्या १५ सें.मी. मातीचे वजन सुमारे २२ लाख किलो. त्यात चुनखडी एक टक्का धरली तरी २२ टन झाली, आणि तेवढी विरवायला जवळजवळ तितकेच गंधकाम्ल लागेल. आपल्या अनेक जमिनींत चुनखडी याहून पुष्कळ अधिक आहे. हा खर्च कधीच फिटणार नाही. शेतात शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत द्या. केवडा दिसला तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम लिंबूसत्व घालून पानांवर फवारा. जमिनीतून लोह द्यायचे तर चुनखडीत टिकणारे ई.डी.डी.एच.ए. स्वरूपातले चिलेटेड लोह घ्या.

आणखी एक. आम्लाने खारे पाणी गोडे होत नाही. पाण्यात सोडियम किंवा एकूण क्षार जास्त असतील, तर उपाय वेगळे आहेत. म्हणून पंप अर्धा तास चालवून, त्याच पाण्याने विसळलेल्या बाटलीत एक लिटर नमुना घ्या आणि लवकर प्रयोगशाळेत पोचवा. अहवालात सामू, विद्युत वाहकता, बायकार्बोनेट व सोडियम हे चारही आकडे मागा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि पाणी खोल गेल्यावर उन्हाळ्यात एकदा तपासणी करावी. कोठे तपासावे याची चौकशी तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रात करता येईल.

आम्लाचा डबा विकत घेण्याआधी बादलीची चाचणी करा, एवढेच आजचे सांगणे.