परिषद कुठं भरवायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



वैद्यकीय परिषद म्हटली की डोळ्यांपुढे काय येतं? गळ्यातला बिल्ला, खांद्यावरची कापडी पिशवी, जाडजूड स्मरणिका आणि दुपारच्या जेवणाची लांबलचक रांग. अशा काही परिषदांच्या संयोजन समित्यांवर मी काम केलं आहे. एका बैठकीत पिशवीचा रंग कोणता असावा यावर पाऊण तास चर्चा झाली. रुग्णांच्या प्रतिनिधींना व्यासपीठावर बोलवायचं का, हा विषय मात्र वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि पुढच्या बैठकीतही तो निघाला नाही. त्या बैठकीत मीही होतो आणि मीही गप्प बसलो. आजचं बोलणं त्या गप्प बसण्यातूनच सुचलेलं आहे.

आंतरराष्ट्रीय परिषद भरवणं म्हणजे मोठ्या घरचं लग्न काढण्यासारखं आहे. तयारी काही वर्षं आधी सुरू होते. शहर ठरतं, सभागृह ठरतं. मग जगभरातून शोधनिबंधांचे सारांश येतात. ते लेखकाचं नाव झाकून परीक्षकांकडे जातात. काही भाषणासाठी निवडले जातात, काही भिंतीवर लावायच्या पोस्टरसाठी, बाकीचे परत. त्यानंतर प्रायोजक, दुभाषे, हॉटेलं, विमानतळावरचं स्वागत आणि व्हिसाची पत्रं. ही सगळी कामं करावीच लागतात. पण त्यांच्या मुळाशी चार प्रश्न असतात. परिषद कुठं भरवायची? आत कुणाला येता येईल? बोलणार कोण? आणि पैसे कोण देणार? हे प्रश्न वरवर व्यवस्थेचे वाटतात, पण त्यांची उत्तरं माणसांच्या आयुष्यापर्यंत पोचतात. आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या इतिहासात हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल.

पहिली एड्स परिषद १९८५ साली अमेरिकेत अटलांटा इथं भरली. सुरुवातीच्या परिषदा डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या होत्या. रुग्णांविषयी बोललं जाई, रुग्णांशी नव्हे. १९८९ साली कॅनडात माँट्रियलला उद्‌घाटनाच्या वेळी कार्यकर्ते आणि रुग्ण थेट व्यासपीठावर चढले. शिष्टाचाराचा भंग झाला खरा, पण त्यानंतर रुग्णांना वगळून परिषद भरवणं कुणालाच सोपं राहिलं नाही.

पुढचा पेच व्हिसाचा होता. एचआयव्हीची लागण असलेल्या परदेशी व्यक्तींना प्रवेश नाही, असा नियम अमेरिकेनं १९८७ साली केला होता. १९९० ची परिषद सॅन फ्रान्सिस्कोत होती. परिषदेपुरती थोड्या दिवसांची सवलत देण्यात आली, तरी अनेक संस्थांनी बहिष्कार घातला. ज्यांच्या आजाराची चर्चा करायची, त्यांनाच दारात अडवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. १९९२ ची परिषद बॉस्टनला व्हायची होती. संयोजकांनी ती तिथून हलवली आणि नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमला नेली. श्रोतेहो, सगळी जुळवाजुळव झालेली परिषद दुसऱ्या खंडात नेणं म्हणजे काय, हे ज्यानं साधं सभागृह बदललं असेल त्याला कळेल. पण तो निर्णय टिकला. अमेरिकेची बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली, आणि त्यानंतरच, २०१२ साली, ही परिषद पुन्हा अमेरिकेत, वॉशिंग्टनला भरली. मधे बावीस वर्षं गेली.

आता डरबनकडे येऊ. तेरावी परिषद जुलै २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डरबनला भरली. विकसनशील देशात भरलेली ही पहिलीच. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४२ लाख लोकांना लागण झालेली होती. श्रीमंत देशांत १९९६ पासून तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली होती आणि तिथं मृत्यू घटत होते. पण त्या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जाई. औषधं उत्तरेत आणि रुग्ण दक्षिणेत, अशी स्थिती होती.

परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. हूसेन कुवाडिया. सगळे त्यांना जेरी म्हणत. डरबनचे बालरोगतज्ज्ञ, भारतीय वंशाचे. वर्णभेदाच्या काळातल्या या विद्यार्थ्यानं डॉक्टरकीचं शिक्षण आपल्या मुंबईत घेतलं होतं. शास्त्रीय कार्यक्रमाची जबाबदारी डॉ. सलीम अब्दुल करीम यांच्याकडे होती. या मंडळींपुढे असा पेच उभा राहिला, की जो कुठल्याही संयोजन-पुस्तिकेत सापडणार नाही. यजमान देशाचे अध्यक्ष थाबो एम्बेकी हेच एचआयव्हीमुळे एड्स होतो का, अशी शंका जाहीरपणे घेऊ लागले. ती शंका घेणाऱ्या काही मंडळींना त्यांनी आपल्या सल्लागार गटातही घेतलं. परदेशातून आवाज उठले की अशा देशात परिषद नको, बहिष्कार घाला, दुसरीकडे न्या.

म्हणजे अॅमस्टरडॅमचाच प्रश्न पुन्हा आला. पण या वेळी उत्तर उलटं होतं. बॉस्टन सोडलं, कारण तिथं रुग्णांना येता येत नव्हतं. डरबन सोडायचं नव्हतं, कारण रुग्ण तिथंच होते. सरकारशी मतभेद आहेत म्हणून परिषद हलवली असती, तर शिक्षा सरकारला नव्हे, त्या रुग्णांना झाली असती. संयोजक जागचे हलले नाहीत, आणि गप्पही बसले नाहीत. परिषदेच्या तोंडावर 'नेचर' या नियतकालिकात 'डरबन जाहीरनामा' प्रसिद्ध झाला. एड्सचं कारण एचआयव्हीच आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं आणि पाच हजारांहून अधिक डॉक्टर-शास्त्रज्ञांच्या त्यावर सह्या होत्या. अध्यक्षांच्या प्रवक्त्यानं त्याची जागा कचऱ्याची टोपली आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं.

९ जुलैला उद्‌घाटन झालं, किंग्जमीडच्या क्रिकेट मैदानावर. त्याच दिवशी औषधं मिळावीत म्हणून हजारो लोकांनी शहरात मोर्चा काढला होता. अध्यक्ष एम्बेकींनी भाषणात गरिबी हाच सगळ्यांत मोठा मारेकरी आहे यावर भर दिला. गरिबी मारते, यात खोटं काहीच नव्हतं. पण ज्या एका वाक्याची सगळे वाट पाहत होते, ते आलं नाही. शेकडो प्रतिनिधी उठून गेले.

त्याच व्यासपीठावर अकरा वर्षांचा एक मुलगा बोलला. एन्कोसी जॉन्सन त्याचं नाव. जन्मापासून लागण झालेला, अंगापेक्षा मोठा सूट घातलेला. १९९७ साली त्याच्या शाळाप्रवेशावरून देशभर वाद झाला होता. गरोदर बायांना सरकारनं औषध द्यावं, म्हणजे बाळांना लागण होणार नाही, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत, आम्हाला घाबरू नका, हे सांगणं. दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन बोलले. ते स्वतः बाधित होते. मी जिवंत आहे कारण मला औषधं विकत घेणं परवडतं, हे न्यायाधीशाच्या पदावरच्या माणसानं जगापुढे मान्य केलं. समारोपाला नेल्सन मंडेला आले. वाद मागे ठेवा आणि कामाला लागा, असं त्यांनी सांगितलं.

एका परिषदेनं जग बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जगभरचे पत्रकार आणि बारा हजारांवर प्रतिनिधी डरबनला आले आणि आकडेवारीतला आजार त्यांनी रस्त्यावर, रुग्णालयात पाहिला. औषधांची किंमत हा त्यानंतर टाळता न येणारा प्रश्न झाला. सात महिन्यांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. जुलै २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं, गरोदर मातांना औषध उपलब्ध करून द्यावंच लागेल, असा निकाल सरकारविरुद्ध दिला. एन्कोसी तो ऐकायला नव्हता. १ जून २००१ रोजी बाराव्या वर्षी तो गेला होता.

२०१६ साली परिषद पुन्हा डरबनला भरली. तोवर दक्षिण आफ्रिकेत तीस लाखांहून अधिक लोक उपचार घेत होते. डॉ. कुवाडियांना हा बदल पाहता आला. २०२३ साली त्यांचं निधन झालं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण २०२२ साली परिषद माँट्रियलला होती, आणि आफ्रिकेतल्या अनेक प्रतिनिधींना व्हिसा मिळालाच नाही किंवा वेळेत मिळाला नाही. काही जण बोलणार होते, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कायद्यातली बंदी गेली, तरी दारावरचा पहारा उरतोच. म्हणून शहर ठरवताना सभागृह किती मोठं आहे, याआधी तिथं कोण पोचू शकणार नाही, हे विचारायला हवं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईतच नव्हे, आता नाशिक-नागपूर-कोल्हापुरातही वैद्यकीय परिषदा होतात. त्या व्हाव्यात, जेवणही चांगलं असावं. माझी संयोजकांना विनंती एवढीच. पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हा ठेवा, की ज्या आजारावर आपण बोलणार, तो आजार असलेलं माणूस व्यासपीठावर असेल का? त्याच्या येण्याजाण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? त्याला नोंदणी शुल्क माफ आहे का? त्याच्या भाषेत बोललेलं इतरांना कळावं, म्हणून दुभाषा आहे का? नोंदणी शुल्क भरणाऱ्यांची काळजी प्रायोजक घेतात, हॉटेलवाले घेतात. शुल्क भरू न शकणाऱ्याची काळजी फक्त संयोजकच घेऊ शकतो.

आणि पिशवीचा रंग? तो शेवटच्या बैठकीत ठरवावा. वेळ उरला तर.