उंच मनोरे आणि सायकलची वाट

उंच इमारतींचा विषय निघाला की आपण मजले मोजू लागतो. कॅनडातील व्हँकूवर शहराविषयी बोलताना मी मात्र आपले लक्ष जमिनीकडे वेधणार आहे. १९६७ च्या सुमारास तेथील मध्यवस्तीतून द्रुतगती मार्ग काढण्याचे घाटत होते. चायनाटाउनमधील रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि ती योजना बारगळली. पुढे फॉल्स क्रीक खाडीच्या ज्या काठावर १९८६ चे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे मालकीच्या सदनिकांचे मनोरे उभे राहिले. पण पाण्याचा काठ कोणाच्याही कुंपणात गेला नाही. तेथून पायी आणि सायकलने जाण्याचा सार्वजनिक मार्ग आहे. नव्या इमारतींत सायकलींसाठी जागा राखणे नगरपालिकेच्या नियमांनी बंधनकारक आहे.

तथापि खाडीकाठ झाला फिरण्यापुरता. कचेरी गाठायची तर हमरस्ताच हवा, आणि खरा वाद तेथेच पेटला. २००९ साली बरार्ड पुलावरील मोटारींची एक मार्गिका प्रयोगादाखल सायकलींना देण्यात आली. वाहतूक ठप्प होईल, असे भाकीत होते. ते खोटे ठरले. २०१० मध्ये हॉर्न्बी रस्त्यावर मोटारींपासून अलग केलेली सायकल-मार्गिका झाली, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या. मार्गिका टिकली.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. या मनोऱ्यांतील घरे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत, आणि लिफ्टमधून उतरून दहा मिनिटांत सायकलने कचेरी गाठण्याचे सुख ज्याला परवडते, त्यालाच ते मिळते.