बाबांची फियाट आणि कामांचा क्रम



आयोजकांनी मला 'सॉफ्टवेअरमधले अनुभव' असा विषय दिला होता. तो ऐकताना तुमचं लक्ष जेवणाच्या वासाकडे जाईल, म्हणून मी फियाटबद्दल बोलते.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. आपण तिला फियाटच म्हणायचो. इंजिन 1089 सीसी, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगपाशी. ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर 2023 मध्ये भरली. आमची खाजगी, 1986 सालची, बाबांची. बाबा गेल्यावर ती दादाकडे आली आणि आता भाच्याच्या मनात भरली आहे.

त्याला ती पळवायचीय. यादी तयारच होती: डबल कार्बोरेटर, मोकळा सायलेन्सर, कॅमशाफ्ट. "आत्या, आधी काय घेऊ?" पैसे एकाच मोठ्या कामापुरते, आणि गणपतीला घरची पाच माणसं घेऊन घाटातून कोकणात जायचं होतं.

प्रोग्रॅम हळू चालला की आम्ही आधी वेळ नेमका कुठे जातो ते मोजतो. परळच्या मिस्त्रींनीही तेच केलं. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर 130 च्या आसपास, चौथा 90. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंगा झिजल्यात असं समजायचं. वाढला नाही. हेड उघडल्यावर एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला निघाला. म्हणजे भाचा साडेतीन सिलिंडरच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर लावायला निघाला होता!

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. हवा आत येणार, दाबली जाणार, जळणार, बाहेर जाणार. दाबच धरत नसेल तर जास्त हवा देऊन उपयोग काय? बाहेरची वाट अरुंद असेल तर आतली रुंद करूनही फारसं हाती लागत नाही. आणि कॅमशाफ्ट बदलला की कार्बोरेटरचे जेट पुन्हा जुळवावे लागतात, म्हणून ते काम शेवटी. पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ झालं तर पिस्टनवर बेततं.

हेड उघडलंच होतं, म्हणून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि नवं गॅस्केट त्याच खेपेत उरकलं. त्याची मजुरी दोनदा कोण देणार? मग टॅपेट, पॉइंट, टायमिंग. रेडिएटर साफ केला, कारण लालबागच्या गर्दीत गाडी तासभर रांगत असते आणि तिथे हॉर्सपॉवर नाही, पंखा कामाला येतो.

उरलेल्या पैशांवरून मात्र घरात वाद झाला. मिस्त्री म्हणाले, "सायलेन्सर घ्या, पोरगा खूश होईल." मी म्हटलं, ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. घाट उतरताना तापले की पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनींनी माझी बाजू घेतली आणि लायनर, सिलिंडर, ब्रेकच्या नळ्या सगळं नवं झालं. (सायलेन्सरचा आवाज आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हे मी त्याला नंतर सांगितलं. त्या वयात कायदा ऐकून कोण थांबतं?)

चौथा सिलिंडर जागा झाल्यावर पहिल्याच फेरीत तो म्हणाला, "आत्या, ही आपलीच गाडी आहे ना?"

कोकणात जाऊन सगळे सुखरूप आले. कार्बोरेटरसाठी तो आता पगारातून पैसे साठवतोय.