मूतखड्याची नळी आणि रुग्णाचे रोजचे जीवन



मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत पुष्कळदा एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. लघवी अडू नये म्हणून ती उपकारक; परंतु तिच्यामुळे वारंवार लघवीला लागते, जळजळ होते, कमरेत कळ येते. २००३ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी खास प्रश्नावलीने विचारले, तेव्हा दहापैकी सुमारे आठ रुग्णांनी असा त्रास सांगितला. बांधकामावर राबणाऱ्या आपल्या भगिनींना जवळ शौचालय नसते. मग त्या पाणीच कमी पितात आणि पुन्हा खडा होण्याचा धोका वाढतो.

बंधू-भगिनींनो, लाजू नका. त्रास कमी करणारी औषधे आहेत. थंडीताप आल्यास त्वरित दवाखाना गाठा. मुख्य म्हणजे, नळी काढण्याची तारीख चुकवू नका. बरे वाटले म्हणून ती महिनोन्महिने आत राहिली, तर तिच्यावर खडे साचतात, मूत्रपिंडही निकामी होऊ शकते.

तथागतांनी आजारी भिक्खूला स्वहस्ते स्नान घातले. विद्यार्थ्यांनो, वस्तीतील वडीलधाऱ्यांचे डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवा, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, त्या दिवशी सोबत जा. शिक्षणाचा उपयोग आणि करुणा, दोन्ही यात आले.

जयभीम! नमो बुद्धाय!