मुलांचा दमा आणि रक्तातील चरबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी दहा मिनिटे बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी झालेली बाई, दम्यावर काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "घरात जे निस्तरलेत तेच सांगा." म्हणून डॉक्टरकीचा आव न आणता तेवढेच सांगते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या मुलीला पाचव्या वर्षापासून दमा आहे. नवव्या वर्षी तिचे रक्त तपासले, तेव्हा कोलेस्टेरॉल १८२ निघाले. मुलांत ते १७० च्या आत असावे. १७० ते १९९ काठावरचे आणि २०० वा त्यापुढे जास्त, असे धरतात. तेवढ्यात घरात कोणी वाचले की, दम्याचा आणि रक्तातल्या चरबीचा संबंध आहे. झाले! पोरीच्या पानातले तूप गेले, दूध गेले, शेंगदाण्याची चटणी गेली. "मूळ सापडले, आता रोज पंप कशाला?" असे म्हणून पंपही कपाटात गेला. शिवाय मुलीची जात; पंपाची सवय लागली तर पुढे लग्नाचे काय, ही काळजी वडील माणसांना होतीच. तीन आठवड्यांत पोर रात्री-अपरात्री खोकत उठून बसू लागली. एका पहाटे दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला.

पुढे डॉक्टरीणबाईंनी आम्हा घरच्या सगळ्या बायकांना समोर बसवून समजावले. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात, चिकट बेडका धरतात आणि आवळतात. ही सूज वाढवणारी काही द्रव्ये शरीर स्निग्धांशापासूनच तयार करते, हे खरे आहे. त्यांना ल्युकोट्रिन म्हणतात. अशा द्रव्यांवरील संशोधनाबद्दल स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांना १९८२ साली आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण तो स्निग्धांश पेशींच्या आवरणातला असतो. वरणावरचे चमचाभर तूप सरळ छातीत जाऊन दमा करत नाही.

मग संबंध आहे की नाही? काही पाहण्यांत दमा असलेल्या मुलांचे कोलेस्टेरॉल अधिक आढळले, काहींत फरक दिसला नाही. आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही. पावसाळ्यात छत्र्याही निघतात आणि सर्दीही होते. म्हणून काही छत्रीने सर्दी होत नाही! वजन फार वाढलेल्या मुलांत मात्र दमाही जास्त आढळतो आणि रक्तातली चरबीही. 'आयझॅक' नावाच्या अनेक देशांतील मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत तीव्र दमा अधिक दिसला आणि तितक्याच वेळा फळे खाणाऱ्यांत कमी. हाही संबंधच, कारणाचा पुरावा नव्हे. पण पोराला वडापावाऐवजी पेरू दिला तर कोणाचे नुकसान आहे?

आता आम्ही काय केले ते सांगते.

पहिले, पंप पुन्हा सुरू केला. त्यातले औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात आणि ते सरळ श्वासनळीत जाते. त्याचे व्यसन लागत नाही. स्पेसर लावून द्यावा आणि नंतर चूळ भरायला लावावी.

दुसरे, दूध आणि चमचाभर तूप पानात परत आले. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी डॉक्टरांनी ठरवली तरच तो बंद करायचा. वाढत्या पोराला स्निग्धांश लागतो. बंद केली ती बाजारची तळणी आणि एकच तेल पुन्हापुन्हा तापवणे.

तिसरे, डासांची कॉइल घराबाहेर काढली व मच्छरदाणी लावली. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक धूलिकण निघतात, असे २००३ सालच्या एका संशोधनात आढळले होते. देवाजवळचा धूपही त्या पोरीच्या खोलीपासून दूर नेला. सासूबाई आधी रागावल्या, मग स्वतःच उदबत्ती एकावर आणली.

चौथे, खेळ. दम धरतो म्हणून तिला बसवून ठेवले नाही. आज ती शाळेच्या लंगडीच्या संघात आहे.

कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. ते हृदयासाठी तपासायचेच, घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर नक्कीच. पण तो हिशेब निराळा आणि दम्याचा निराळा.

मैत्रिणींनो, पोराच्या पानात काय वाढायचे आणि काय नाही, हे शेवटी आपल्याच हातात असते. म्हणून कागदावरचा एक आकडा पाहून ते पान रिकामे करू नका, आणि चालू औषध तर मनाने मुळीच थांबवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "हे का बंद करायचे? किती दिवस?" आपण कमी शिकलो म्हणून विचारायला लाजायचे कारण नाही.